युद्ध, दहशतवाद आणि ख्रिस्ती प्रार्थना: शत्रूविरुद्ध की शत्रूसाठीही?

अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेल्यांना फर्दापूर आठवतं ते टी पॉइंटमुळे. खासगी गाडी तिथे लावायची आणि पुढे लेण्यांपर्यंत बसने जायचं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं हे गाव. जुनी मोगलकालीन सराई ही त्याची आणखी एक ओळख.

पण ऑक्टोबर १८०३ मध्ये इथे जे तंबू पडले होते, ते पर्यटकांचे नव्हते. इंग्रजांना अजिंठ्याची लेणी 'सापडायला' अजून १६ वर्षं होती. तळ होता आर्थर वेलस्लीच्या फौजेचा. महिनाभर आधी, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईत त्याने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला होता. त्या काळातल्या त्याच्या पत्रव्यवहारात फर्दापूरच्या मुक्कामाचा उल्लेख येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे ४२८ जण मारले गेले होते, हजाराहून जास्त जखमी होते. जखमींसाठी वर घाटमाथ्यावर, अजिंठा गावच्या कोटात इस्पितळ उघडलं होतं. मराठ्यांच्या बाजूची हानी याहून मोठी होती.

या लढाईतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वेलस्लीच्या फौजेत स्कॉटलंडच्या दोन पायदळ पलटणी होत्या, पण बहुसंख्य शिपाई भारतीय होते. आणि समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं. म्हणजे बायबल मानणाऱ्या समाजातून आलेली माणसं दोन्ही बाजूंना होती, आणि मरणाऱ्यांमध्ये सगळ्याच धर्मांचे लोक होते.

मग अशा वेळी प्रार्थना कोणासाठी करायची? आपण जिंकावं म्हणून? युद्ध थांबावं म्हणून? की समोरच्यासाठीही? हा प्रश्न १८०३ चा नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर 'शांततेसाठी प्रार्थना करा' अशा पोस्टखाली ज्या कमेंट्स पडल्या, त्यातही हाच प्रश्न होता. फक्त भाषा जास्त तिखट होती.

बायबल काय सांगतं?

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ते नाही. बायबलमध्ये दोन्ही सूर आहेत.

एक सूर स्तोत्रसंहितेचा. ज्यू आणि ख्रिस्ती दोघंही म्हणतात अशी ही १५० स्तोत्रं. त्यातली कितीतरी संकटात सापडलेल्या माणसाने देवाला मारलेल्या हाका आहेत. काहींमध्ये दुःख आहे, काहींमध्ये देवाशी चक्क भांडण आहे, तर काहींमध्ये शत्रूचा नाश व्हावा अशी उघड मागणी आहे. ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. १०९ व्या स्तोत्रात तर शत्रूच्या बायकामुलांपर्यंत शाप जातात.

दुसरा सूर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करायला सांगितलं आहे. क्रुसावर खिळलेला असताना येशूने स्वतःला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितल्याचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात येतो. तिसरी एक सूचना पौलाची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो राजे आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. त्यामुळे सरकार, सैन्य, पोलीस यांच्यासाठी प्रार्थना करणं ही चर्चमधली जुनीच पद्धत आहे, आजच्या राजकारणातून आलेली नाही.

हे दोन सूर एकत्र कसे ठेवायचे याचं ओझं चर्चला किती वाटत होतं, हे एका निर्णयावरून दिसतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोप सहावे पॉल यांच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनेचं पुस्तक नव्याने तयार झालं, तेव्हा वर सांगितलेली तीनही स्तोत्रं त्यातून वगळण्यात आली. इतर काही स्तोत्रांतल्या शापाच्या ओळीही गाळल्या गेल्या. बायबलमध्ये त्या आजही आहेत. सामूहिक प्रार्थनेत त्या म्हणायच्या नाहीत, इतकंच ठरलं. काही अभ्यासकांना हे पटलेलं नाही. ज्याचं घर जळलंय त्याने राग देवासमोर नाही तर कुठे काढायचा, असा त्यांचा सवाल आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही.

१८५७: क्रांती चौक आणि लंडनचा उपवास

फर्दापूरहून साधारण शंभर किलोमीटरवर संभाजीनगरचा क्रांती चौक आहे. जुने लोक या जागेला काळा चबुतरा म्हणतात. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केलं. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, बंड मोडलं गेलं आणि पकडलेल्यांना मृत्युदंड दिला गेला. काहींना तोफेच्या तोंडी दिलं, काहींना फाशी. काळा चबुतरा हे नाव त्याच आठवणीशी जोडलेलं आहे.

याच बंडाच्या बातम्या ब्रिटनमध्ये पोचल्यावर तिथे काय झालं? सरकारने ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राष्ट्रीय उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन या तरुण धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकायला २३,६५४ लोक जमले. ध्वनिवर्धकाचा शोध लागायला अजून बराच काळ होता. स्पर्जनने कंपनीच्या राजवटीवर टीका केली, पण बंडवाल्यांना खुनी ठरवून कठोर शिक्षेचं समर्थनही केलं.

तेव्हाच्या अँग्लिकन प्रार्थना पुस्तकात 'युद्ध आणि दंगलींच्या काळासाठी' अशी खास प्रार्थना छापलेली होती. १६६२ च्या आवृत्तीत ती आहे. शत्रूंचा गर्व उतरव, त्यांची दुष्टाई शमव, त्यांचे बेत उधळून लाव, असा तिचा आशय. शत्रूच्या जिवासाठी त्यात काही मागितलेलं नाही. साम्राज्याची प्रार्थना अशीच असणार, असं म्हणून ते सोडून देता येईल. पण त्या काळात जवळपास प्रत्येक राष्ट्राची युद्धकाळातली प्रार्थना अशीच होती. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या शेवटी, ४ मार्च १८६५ च्या भाषणात अब्राहम लिंकन यांनी ही अडचण नेमकी पकडली होती. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला दुसऱ्याविरुद्ध साकडं घालतात, मग दोघांचीही मागणी पुरी होणार कशी, असा त्यांचा मुद्दा होता.

बंदूक ठेवायला खाच असलेली चर्चची बाकं

मुंबईत कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे जाताना उंच मनोऱ्याचं एक चर्च लागतं. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्याचं नाव, पण सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ ते बांधलं गेलं. पायाभरणी १८४७ ची, आणि प्रार्थनेसाठी ते खुलं झालं जानेवारी १८५८ मध्ये.

आत गेल्यावर दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे काही बाकांना बंदूक टेकवून ठेवण्यासाठी केलेल्या खाचा. १० मे १८५७ ला मेरठमध्ये बंड पेटलं तो रविवार होता आणि गोरे सैनिक संध्याकाळच्या उपासनेच्या तयारीत होते. त्यानंतर छावण्यांमधले सैनिक प्रार्थनेलाही शस्त्रं घेऊन जाऊ लागले. गुडघे टेकलेत, पण बंदूक हाताशी आहे.

दुसरी गोष्ट भिंतीवरचा मजकूर. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या सैनिकांबद्दल मात्र, ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही, अशा अर्थाची नोंद आहे. १८४२ च्या जानेवारीत काबूलमधून माघार घेताना साधारण १६ हजार माणसं निघाली होती. त्यातले बहुतेक भारतीय शिपाई आणि छावणीतले नोकरचाकर होते. जलालाबादपर्यंत पोचले ते मूठभर. प्रार्थनेत कोणाचं नाव घेतलं जातं आणि कोणाचं नाही, याची ही दगडातली नोंद म्हणता येईल.

नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरातली मोठी घंटाही युद्धाचीच आठवण आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू दिला जाईल, असं आश्वासन मात्र शरणागतीच्या तहात होतं. वसईतली ख्रिस्ती वस्ती आणि मराठी-सामवेदी बोलणाऱ्या घरांतली प्रार्थना आजही टिकून आहे.

१९१४: फादरच शत्रू ठरले तेव्हा

पहिल्या महायुद्धात हा पेच महाराष्ट्राच्या अगदी घरात आला.

तेव्हाच्या मुंबई-पुणे कॅथलिक मिशनचं काम जर्मन जेझुइट धर्मगुरू पाहत होते. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा, अहमदनगर जिल्ह्यातली खेड्यापाड्यांतली मिशन केंद्रं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत युद्ध सुरू झालं आणि हे धर्मगुरू एका रात्रीत 'शत्रू राष्ट्राचे नागरिक' झाले. त्यातल्या अनेकांना अहमदनगरच्या बंदीछावणीत ठेवलं गेलं. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजातून जर्मन मिशनऱ्यांना मायदेशी पाठवण्यात आलं. त्यांत प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचाही समावेश होता.

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या कॅथलिक कुटुंबाच्या बाजूने पाहा. मुलाचा बाप्तिस्मा ज्यांनी केला, दुष्काळात धान्य ज्यांनी मिळवून दिलं, तेच फादर आता जिल्ह्याच्या गावी काटेरी तारेच्या आत. सरकार सांगतंय, ते शत्रू आहेत. चर्चमध्ये मिस्सा मात्र त्याच लॅटिन शब्दांत सुरू, जी तारेच्या आतही त्याच शब्दांत होत असणार. जर्मनीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्येही तीच.

रोममध्ये तेव्हा पोप पंधरावे बेनेडिक्ट होते. १९१५ च्या सुरुवातीला त्यांनी शांततेसाठी एक प्रार्थना जगभरातल्या चर्चना पाठवली. तिच्यात कोणाच्याही विजयाची मागणी नव्हती, म्हणून फ्रान्स सरकारने सुरुवातीला तिचा मजकूर जप्त केला. आपले सैनिक खंदकात मरत असताना नुसती शांतता मागणं म्हणजे शत्रूला मदत, असा तो संशय होता. पुढे फ्रेंच चर्चच्या वरिष्ठांनी खुलासा केला की ही शांतता न्यायाच्या विजयावर उभी असेल, तेव्हा वाद निवळला. शंभर वर्षांनंतर सोशल मीडियावर होणारा वाद याहून फार वेगळा नाही.

याच पोपनी केलेल्या दोन गोष्टी मराठी कॅथलिकांच्या प्रार्थनेत अजून टिकून आहेत, जरी त्यांचं युद्धाशी असलेलं नातं फारसं कोणाला माहीत नसलं तरी. जपमाळेनंतर मरियेची जी बिरुदावली म्हटली जाते, तिच्यात 'शांतीची राणी' हे बिरुद १९१७ मध्ये, ऐन युद्धात जोडलं गेलं. आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची परवानगी ऑगस्ट १९१५ मध्ये दिली गेली. स्पेन आणि पोर्तुगालच्या प्रदेशांना ही मुभा १७४८ पासूनच होती. बेनेडिक्ट यांनी ती जगभर लागू केली, कारण मेलेल्यांची संख्याच तशी होती. आज वसईत २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या लावल्या जातात, त्या दिवसाच्या तीन मिस्सांमागे हे महायुद्ध आहे.

पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक पुरलेले आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात भारतात मृत्यू पावलेल्या आणि मूळ कबरी सांभाळता न आलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावंही इथल्या स्मारकावर आहेत. अधिकारी आणि शिपाई यांच्या कबरीचे दगड एकाच मापाचे आहेत. अफगाण चर्चच्या भिंतीपासून इथपर्यंत एवढा फरक पडला होता.

सूर बदलला कधी?

एक तारीख सांगता येणार नाही, पण दुसऱ्या महायुद्धानंतर आणि अणुबॉम्बनंतर चर्चची भाषा स्पष्टपणे बदलली. त्यातला एक टप्पा मुंबईत घडला.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. निमित्त होतं आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचं, ठिकाण ओव्हल मैदान. चीनशी झालेल्या युद्धाला दोन वर्षं झाली होती आणि पाकिस्तानशी पुढचं युद्ध वर्षभरावर होतं. मुंबईतून त्यांनी सगळ्या राष्ट्रांना आवाहन केलं की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी या मुंबईच्या आवाहनाचा नाव घेऊन उल्लेख केला. तो निधी त्यांनी मागितला तसा उभा राहिला नाही. १ जानेवारी हा जागतिक शांतता दिन म्हणून पाळण्याची प्रथा मात्र त्यांनीच १९६८ पासून सुरू केली आणि ती चालू आहे.

प्रोटेस्टंट बाजूचं ठळक उदाहरण १९८२ चं. फॉकलंड युद्ध ब्रिटनने जिंकलं. २६ जुलैला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये उपासना झाली. कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी विजयाचे गोडवे गाण्याऐवजी अर्जेंटिनाच्या मृतांच्या कुटुंबांचीही आठवण काढली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर नाराज झाल्याच्या बातम्या आल्या. रन्सी यांना 'युद्ध माहीत नसलेला पाद्री' म्हणणं मात्र कोणाला शक्य नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते आणि त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं होतं.

याचा अर्थ सगळे ख्रिस्ती युद्धविरोधी आहेत असा नाही. क्वेकर आणि मेनोनाइट हे पंथ शस्त्र उचलणंच नाकारतात. कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्च स्वसंरक्षणासाठीचं, मर्यादा पाळणारं युद्ध नैतिकदृष्ट्या शक्य मानतात. संत ऑगस्टीनपासून ही विचारधारा चालत आली आहे. भारतीय लष्करात तर पंडित, मौलवी, ग्रंथी यांच्याबरोबर पाद्रीही धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात, आणि अनेक तुकड्यांमध्ये सगळ्यांसाठी एकच सर्वधर्म स्थळ असतं. 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी ख्रिस्ती भजन दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये अनेक दशकं लष्करी बँड वाजवत असे. २०२२ मध्ये ते कार्यक्रमातून काढलं गेलं आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'ची धून आली. त्यावर वादही झाला.

दहशतवादी हल्ल्यानंतर काय वेगळं होतं?

युद्धात निदान समोर कोण आहे हे कळतं. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा डब्यात उभ्या असलेल्या कोणाचंच कोणाशी युद्ध नव्हतं. माहीम, वांद्रे, खार, बोरिवली, मीरा रोड. ज्या मार्गावर हे घडलं, त्याच मार्गाने वांद्र्याचे आणि वसईचे ख्रिस्ती रोज कामाला जातात.

अशा हल्ल्यानंतरच्या प्रार्थनेत आधी नावं येतात. मृत, जखमी, बेपत्ता. मग डॉक्टर, पोलीस, अग्निशमन दल. विजयाचा विषयच नसतो. खरा अवघड भाग शेवटी येतो, हल्लेखोरांचं काय?

याचं सगळ्यात टोकाचं उत्तर अल्जीरियातून आलं. तिथल्या तिबिरिन मठातले फ्रेंच संन्यासी ख्रिस्तियान द शेर्जे यांनी मृत्यूची शक्यता दिसू लागल्यावर एक मृत्युपत्र लिहून ठेवलं. त्यात त्यांनी आपल्या होणाऱ्या मारेकऱ्यालाही मित्र म्हणून संबोधलं आणि आपल्या मरणावरून सगळ्या मुस्लिमांना दोषी धरू नका, असं बजावलं. १९९६ मध्ये त्यांच्यासह सात संन्याशांचं अपहरण होऊन ते मारले गेले. २०१८ मध्ये चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं.

भारतातलं उदाहरण जास्त परिचयाचं आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्षमा म्हणजे खटला मागे घेणं नव्हे. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. अमेरिकेवरच्या ९/११ च्या हल्ल्यानंतर पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी २००२ च्या संदेशात हाच मुद्दा मांडला होता. न्यायाशिवाय शांती नाही, पण क्षमेशिवाय न्यायही पुरा होत नाही, असा त्याचा रोख होता. त्याआधी १४ डिसेंबर २००१ ला त्यांनी कॅथलिकांना उपवास करायला सांगितलं. त्या वर्षीच्या रमजानचा तो शेवटचा शुक्रवार होता, आणि तो दिवस मुद्दाम निवडला होता.

शेजारच्या श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला तीन चर्च आणि काही हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. अडीचशेहून जास्त लोक मारले गेले, त्यातले कित्येक प्रार्थनेसाठीच जमले होते. पुढच्या रविवारी सुरक्षेच्या कारणावरून चर्चमधली सार्वजनिक मिस्सा रद्द झाली. कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी घरातल्या छोट्या प्रार्थनागृहातून ती टीव्हीवर केली. कार्डिनल तेवढ्यावर थांबले नाहीत. गुप्तचर इशारे दुर्लक्षित केल्याबद्दल त्यांनी नंतर अनेक वर्षं सरकारला जाब विचारला.

'प्रार्थना करा' म्हणणारा प्रत्येक फॉरवर्ड खरा नसतो

हा भाग फोनवर हे वाचणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी.

'अफगाणिस्तानात उद्या २२ ख्रिस्ती मिशनऱ्यांना मारणार आहेत, तातडीने प्रार्थना करा, सगळ्यांना पाठवा' असा मेसेज तुम्हाला कधीतरी आला असेल. तो २००९ पासून फिरतो आहे. २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर पुन्हा उसळला. त्याच्या मुळाशी बहुधा एक खरी घटना आहे. जुलै २००७ मध्ये तालिबानने दक्षिण कोरियाच्या एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांचं अपहरण केलं. दोघांना मारलं, बाकीच्यांची ऑगस्टअखेरपर्यंत सुटका झाली. फॉरवर्डमधला 'उद्या' मात्र कधीच संपत नाही.

भारताशी थेट जोडलेलं प्रकरण फादर टॉम उळुन्नालिल यांचं. ४ मार्च २०१६ ला येमेनच्या एडन शहरात मदर तेरेसांच्या भगिनींच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. चार नन्ससह १६ जण मारले गेले आणि केरळच्या फादर टॉमना पळवून नेलं गेलं. काही दिवसांतच, त्यांना गुड फ्रायडेला क्रुसावर चढवणार, अशी अफवा जगभर पसरली. ते खोटं निघालं. पण तोवर ते कितीतरी चर्चमध्ये आणि घराघरांत पोचलं होतं, आणि त्यांच्या कुटुंबापर्यंतही.

ते १८ महिने बंदिवासात राहिले. १२ सप्टेंबर २०१७ ला ओमानच्या मदतीने सुटका झाली. त्यानंतरच्या मुलाखतींत त्यांनी सांगितलं की भाकरी आणि द्राक्षरस नसतानाही ते पाठ असलेल्या शब्दांनी मनातल्या मनात रोजची मिस्सा करत होते. भारतात त्यांच्यासाठी प्रार्थनासभा होत होत्या, आणि त्याच वेळी चर्चचे प्रतिनिधी परराष्ट्र मंत्रालयाचे दरवाजे ठोठावत होते. प्रार्थना म्हणजे काहीच न करणं, ही टीका या प्रकरणाला तरी लागू होत नाही.

पहलगामनंतर

२१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं. भारतात दुखवटा जाहीर झाला, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते. धर्म विचारून मारलं गेल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. मृतांमध्ये हिंदू पर्यटक होते, एक ख्रिस्ती पर्यटक होता आणि एक स्थानिक मुस्लीम घोडेवालाही.

७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं, ८ मे रोजी नवे पोप चौदावे लिओ निवडले गेले, १० मे रोजी भारत-पाकिस्तान यांच्यात शस्त्रसंधी झाली. ११ मे, रविवार. सेंट पीटर्स चौकातल्या आपल्या पहिल्या रविवारच्या प्रार्थनेवेळी लिओ यांनी युक्रेन आणि गाझाबरोबर भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचाही उल्लेख करून तिचं स्वागत केलं.

आणि आपल्याकडच्या चर्चमध्ये? कॅथलिक मिस्सेत प्रवचनानंतर 'विश्वासूंची प्रार्थना' असते, त्यात त्या आठवड्यातल्या घटनांना जागा मिळते. मिस्सेच्या अधिकृत पुस्तकात 'युद्ध किंवा अशांततेच्या काळासाठी' अशा वेगळ्या प्रार्थनाही दिलेल्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये (हे चर्च १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालं आणि अफगाण चर्च आज त्याच्याकडेच आहे) याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. काही मंडळ्या उपवास-प्रार्थना ठेवतात, काही साखळी प्रार्थना, म्हणजे सभासदांनी तास वाटून घ्यायचे आणि दिवसरात्र खंड पडू द्यायचा नाही. घरी संध्याकाळी जपमाळ.

क्रम साधारण ठरलेला असतो. आधी मृत आणि त्यांची घरं, मग जखमी, सीमेवरचे जवान आणि त्यांचे आईवडील, सीमेजवळच्या गावांतले लोक, मग निर्णय घेणारे नेते. त्यानंतर ज्यांनी हे केलं त्यांच्या मनात बदल व्हावा, अशी एक ओळ. काही ठिकाणी ती स्पष्ट म्हणतात, काही ठिकाणी पुटपुटतात, आणि काही ठिकाणी त्या रविवारी ती ओळ गाळली जाते.